सांगलीच्या घरात अमरिलिसचा कंद

हळदीच्या गड्ड्यांच्या संगतीत वाढलेल्या सांगलीकराला कंद लावणे कोणी शिकवावे लागत नाही, असे मला वाटत असे. अमरिलिस या फुलझाडाने तो समज पहिल्याच वर्षी मोडला. हळदीप्रमाणेच मी तो कंद नदीकाठच्या काळ्या मातीत पुरता गाडला, वरून रोज तांब्याभर पाणी घातले, आणि तिसऱ्या आठवड्यात कुंडी उपसली तेव्हा वरून धडधाकट दिसणाऱ्या त्या कंदाचे बूड अंगठ्याने दाबताच सडक्या बटाट्यासारखे आत गेले. काळी माती पाणी धरून ठेवते, हा शेतातला तिचा गुण कुंडीत दोष ठरतो.

बाजारात अमरिलिस म्हणून जे मिळते त्याचे शास्त्रीय नाव हिप्पिअ‍ॅस्ट्रम असून ते मूळचे दक्षिण अमेरिकेचे आहे. शास्त्रज्ञ ज्याला अमरिलिस म्हणतात ते दक्षिण आफ्रिकेतील झाड वेगळे. कंद साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये विक्रीस येतात. घेताना तो हातात जड लागतो का, बूड कोरडे व टणक आहे का, हे पाहावे. आकाराच्या बाबतीत काटकसर करू नये, कारण मोठा कंद बहुधा दोन दांडे देतो आणि लहान कंद पहिल्या वर्षी नुसत्या पातीवरच थांबण्याची शक्यता असते.

कुंडी कंदापेक्षा सर्व बाजूंनी दोन बोटेच मोठी असावी. ऐसपैस कुंडीत मुळ्यांना न लागणारे पाणी मातीत साचून राहते. मातीची कुंडी प्लास्टिकपेक्षा लवकर सुकते म्हणून मी तीच वापरतो. तळाच्या भोकावर खापराचा तुकडा ठेवून दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग जाड वाळू आणि एक भाग चाळलेले जुने शेणखत असे मिश्रण भरावे. वाळलेल्या मुळ्या न तोडता पसरून कंद असा बसवावा की त्याचा वरचा किमान तिसरा भाग, मानेसकट, मातीबाहेर राहील. एकदा निथळेपर्यंत पाणी द्यावे आणि बशीत साठलेले पाणी ओतून टाकावे. त्यानंतर कोंब दिसेपर्यंत हात आवरता घ्यावा. बोट दोन पेरे आत घालून माती कोरडी लागली तरच, तेही कंदाच्या मानेवर न पडता कडेने, थोडे पाणी घालावे.

पहिले टोक बाहेर आले की घरात चर्चा सुरू होते. चपटे आणि जिभेसारखे असेल तर ती पात; जाडसर, पोपटाच्या चोचीसारखे टोकदार असेल तर तो फुलदांडा. येथून पाणी वाढवावे व कुंडी पूर्वेच्या खिडकीत ठेवावी, जेथे सकाळचे ऊन मिळते आणि दुपारची झळ लागत नाही. दांडा उजेडाकडे झुकतो, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी कुंडी पाव फेरा फिरवावी. दांडा आतून पोकळ असतो आणि चार मोठ्या फुलांचा भार त्याला पेलवत नाही, तेव्हा कंदाला न टोचता काठी रोवून तो सैल बांधावा. लावणीपासून सहा ते आठ आठवड्यांत फुले येतात.

फुले सुकल्यावर दांडा तळाशी दोन बोटे ठेवून कापावा, पाती मात्र कापू नये. पुढच्या वर्षीचे फूल या पातीच्या कमाईवरच पोसले जाते. म्हणून उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तिला भरपूर उजेड आणि महिन्यातून दोनदा पातळ खत द्यावे. आपल्याकडचे बहुतेक लोक येथेच चुकतात: फुले संपली की कुंडी जिन्याखाली जाते. पावसाळ्यात ती उघड्या गॅलरीत ठेवू नये. पातीवर किंवा कंदावर तांबडे डाग दिसल्यास ती बुरशी समजून डागाळलेली पात काढावी व झाडावरून पाणी घालणे थांबवावे. पातीच्या बेचक्यात पांढऱ्या कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर ओल्या कापडाने पुसून निंबोळी तेल फवारावे.

दिवाळीनंतर पाणी तोडावे. पाती पिवळ्या पडून वाळल्या की त्या काढून कुंडी कोरड्या, थंड, अंधाऱ्या खोलीत आठ ते दहा आठवडे ठेवावी. सांगलीच्या हिवाळ्यात घराच्या उत्तरेकडील खोली या कामाला पुरते. कंद कुंडीतून काढायचा असल्यास मात्र त्याला कांद्याच्या टोपलीजवळ फिरकू देऊ नये: तो दिसायला कांद्यासारखा असला तरी त्यात लायकोरीन नावाचे विष असते, आणि ते खाल्ल्यास माणसाला उलट्या होतात, कुत्र्या-मांजरांनाही बाधते. जानेवारीच्या अखेरीस वरची बोटभर माती बदलून पुन्हा पाणी सुरू करावे. त्याच कुंडीत कंद तीन वर्षे आरामात राहतो, आणि बाजूला सुटलेली पिल्ले त्यानंतर कुंडी बदलतानाच वेगळी करावीत.