गांजा सोडून मिरची लावली असेल, तर आता आधी ताडपत्री बाहेर काढा

धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी गांजावर छापा पडला की उपटलेल्या झाडांचे फोटो येतात. पुढच्या हंगामात त्या शेतात काय लावायचं, याची बातमी कुणी करत नाही. यंदा ज्यांनी तिथे मिरची लावली, त्यांच्यासाठी हा सल्ला, आणि तो जवळजवळ सगळा वाळवणीचा आहे. तोडे सुरू झालेत, पहाटे दव पडतंय, मधूनच आभाळ भरून येतंय. या आठवड्यात बाकी कामं मागे पडली तरी चालतील.

दरवर्षी तेच बघतो. सकाळी दवात तोडलेली मिरची प्लास्टिकच्या गोणीत दाबून भरायची, तोंड शिवायचं आणि गाडी मिळेपर्यंत दोन दिवस ओट्यावर ठेवायची. गोणी उघडली की आतून वाफ येते, देठाशी पांढुरकी बुरशी. नंतर कितीही ऊन दिलं तरी तो माल फटकी (रंग उडालेली, डागी मिरची) म्हणूनच जातो. मग माणूस म्हणतो, गांजावाला आगाऊ पैसे देतो, माल बांधावरून उचलतो. खरंय. पण त्याच हिशेबात १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम २० धरा: लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. तुरीच्या आडोशाला लावला तरी तेच. पैसे पुरवणारा क्वचितच सापडतो. कसणारा आत जातो.

तर वाळवण. दव उतरल्यावर, पूर्ण लाल झालेलीच मिरची तोडा. रंग एकसारखा यावा म्हणून एक-दोन दिवस सावलीत ढीग ठेवा, असं पुस्तकात असतं; माझा अंदाज असा, की ढगाळ हवेत एका रात्रीपुढे ढीग ठेवू नये. मातीवर पसरू नका. ताडपत्रीवर किंवा सारवलेल्या कोरड्या खळ्यावर दोन-तीन इंचांचा थर, दिवसातून तीन-चारदा उलथणं, आणि सूर्य मावळायच्या आत झाकणं. हे झाकणंच राहून जातं. 'आज काही पाऊस नाही' म्हणतात, पण दवही पाऊसच आहे मिरचीला. नोव्हेंबर २०२३ च्या अवकाळीत नंदुरबारला व्यापाऱ्यांच्या पथारींवरची (उघड्या वाळवणीच्या जागेवरची) मिरचीसुद्धा भिजली, मग आपली काय कथा.

ओलावा १० टक्क्यांच्या आसपास आला पाहिजे. मीटर नसेल तर मूठभर मिरच्या कानाशी हलवा. बी खुळखुळलं नाही, तर गोणी भरू नका. १०० किलो ओल्या लाल मिरचीची साधारण २५ ते ३० किलो सुकी होते, वजन घटलं म्हणून घाबरू नका. वजनासाठी पाणी मारायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तोच व्यापारी पुढच्या वेळी ओलावा दाखवून भाव पाडतो.

झाडावर फळकूज दिसली तर:
– मँकोझेब ७५ टक्के (बुरशीनाशक), २५ ग्रॅम १० लिटर पाण्यात
– कुजकी फळं वेचून शेताबाहेर पुरणं
– फवारणीनंतर लेबलवरचे दिवस गेल्यावरच तोडा

इतर कामं:
– निंदणी
– साचलेलं पाणी चरीने काढणं
– चुरडामुरड्यासाठी (पानं आकसून वळतात तो रोग) ५ टक्के निंबोळी अर्क

दुकानदार 'रंग येणारं टॉनिक' पुढे करेल. मिरचीला रंग उन्हाने आणि कोरड्या जागेने येतो. ते पैसे ताडपत्रीत घाला.

विक्रीला एकट्याने जाऊ नका. चार-पाच घरांनी माल निवडून, फटकी वेगळी काढून एकच गाडी केली की भाडं वाटलं जातं आणि लिलावात बोलायला तोंड राहतं. दळून पाकिटं करायची असतील, तर पीएमएफएमई या केंद्राच्या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या योजनेत कर्जाशी जोडलेलं ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान आहे. पण आधी एक हंगाम सुकी मिरची बुरशीशिवाय काढून दाखवा, चक्कीचं मग बघू. अर्ज सध्या घेतात का, ते तालुका कृषी कार्यालयात विचारा. फॉर्म भरून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटला दारातूनच परत पाठवा.