झोपेसाठी बिझनेस क्लासचे वाढीव पैसे मोजावेत का? खानदेशातून परदेशी निघणाऱ्यांसाठी हिशेब

मुंबईहून परदेशी जाणाऱ्या खानदेशी प्रवाशाने आपल्या जागरणाचे तास घराला कुलूप लावल्यापासून मोजावेत. भुसावळ किंवा जळगावहून रेल्वेने मुंबई गाठायला सात-आठ तास लागतात, धुळ्याहून रस्त्याने तीनशे किलोमीटरहून अधिक अंतर कापावे लागते आणि नंदुरबारकरांना त्याहूनही लांबचा पल्ला असतो. युरोप-अमेरिकेची बरीचशी विमाने मध्यरात्र ते पहाट या वेळात सुटतात आणि विमानतळावर तीन तास आधी हजर राहावे लागते. त्यामुळे सकाळी घरून निघालेला माणूस विमानात पट्टा बांधतो तेव्हा अठरा-वीस तास जागा असतो. अशा थकव्यात 'थोडे पैसे भरा आणि आडवे होऊन जा' हा विमान कंपनीचा निरोप फार गोड वाटतो, म्हणून त्यावरचा निर्णय घरी, कागद-पेन घेऊन, आधीच करून ठेवावा.

पहिली गोष्ट म्हणजे विमानाच्या वेळेतून झोपेची वेळ वेगळी काढावी. मुंबई ते लंडन हे उड्डाण साधारण साडेनऊ ते दहा तासांचे असते. उड्डाणानंतर जेवण होऊन दिवे मंद होईपर्यंत दीड-दोन तास जातात आणि उतरण्याच्या दीड तास आधी न्याहारीसाठी दिवे पुन्हा लागतात, म्हणजे झोपेला उरतात सुमारे सहा तास. पूर्ण सपाट होणाऱ्या आसनावर त्यातले साडेचार-पाच तास मिळतील असे धरावे, तर बसल्या बसल्या डोळा लागणाऱ्याला इकॉनॉमीतही तुटक का होईना, दोन तास मिळतात. झोपेत पडणारी भर अशी तीन तासांच्या आसपास येते. समजा वाढीव रक्कम ८०,००० रुपये असेल, तर झोपेचा प्रत्येक तास सुमारे २७,००० रुपयांना पडला. हा आकडा केवळ उदाहरणादाखल घेतला आहे. आपल्या तिकिटाचा आकडा घालून हाच भागाकार करावा आणि त्यात स्वतःच्या सवयीशी प्रामाणिक राहावे. दुपारी आरामखुर्चीत घोरणाऱ्या गृहस्थाला भर कमी पडते, आणि परक्या अंथरुणावर ज्याला झोपच येत नाही त्यालाही कमीच पडते.

हाच हिशेब मुंबई ते न्यूयॉर्क परिसराच्या थेट विमानाला लावला तर उत्तर पालटते. हे उड्डाण पंधरा-सोळा तासांचे असल्याने जेवणे वजा जाता दहा-बारा तास हाती राहतात, त्यात एक पूर्ण झोप आणि एक डुलकी बसते आणि तासाचा भाव निम्म्यापर्यंत उतरू शकतो. याउलट रावेर-यावलकडचे केळी व्यापारी दुबईला जातात ते उड्डाण सुमारे तीन तासांचे असते. तेथे झोपेच्या नावाखाली एक रुपयाही वाढीव देऊ नये.

खरा घोळ असतो तो मधे विमान बदलावे लागते तेव्हा. बर्लिनला फेब्रुवारीत भरणाऱ्या फ्रूट लॉजिस्टिका या फळबाजाराच्या प्रदर्शनाला कोणी दोहामार्गे निघाला, तर त्याच्या वाट्याला चारेक तासांचे आणि सहाएक तासांचे असे दोन तुकडे येतात आणि दोन्हींत मिळून एक सलग झोप होत नाही. पूर्ण मार्गाचा बिझनेस क्लास घेऊनही ऐन झोपेच्या वेळी दोहाच्या विमानतळावर चालावे लागणार असेल, तर मुंबई–फ्रँकफर्ट किंवा मुंबई–म्युनिक असे लांब रात्रीचे थेट उड्डाण निवडून फक्त तेवढ्याच टप्प्याला वाढीव पैसे देणे शहाणपणाचे ठरते.

आसन कोणते मिळणार, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. बिझनेस क्लास हे नाव एकच असले तरी काही जुन्या विमानांत आसन सरळ होते पण तिरपे राहते आणि झोपलेला माणूस रात्रभर पायाकडे घसरत राहतो. आपल्या विमानाचा प्रकार तिकिटावर पाहून एअरोलोपासारख्या संकेतस्थळावर त्याचा आसन-नकाशा तपासावा. एका रांगेत १-२-१ अशी मांडणी असेल तर प्रत्येकाला थेट मधल्या वाटेत उतरता येते. २-२-२ असेल तर खिडकीकडच्याला शेजाऱ्याचे पाय ओलांडावे लागतात, किंवा तो आपले ओलांडतो. आसनाच्या कलण्यावर १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, पाठ उभ्या रेषेपासून सुमारे ४० अंश कलली की पुरेशी झोप मिळू शकते असे दिसले होते. इकॉनॉमीची पाठ त्याच्या जवळपासही जात नाही. प्रीमियम इकॉनॉमी, म्हणजे इकॉनॉमी आणि बिझनेस यांच्या मधली श्रेणी, बसायला सुखाची आहे, पण केवळ झोपेसाठी तिचे पैसे मोजावेत असे मला वाटत नाही.

काही गोष्टी कितीही पैसे दिले तरी बदलत नाहीत. संपूर्ण केबिनमध्ये हवेचा दाब एकच असतो, तो आठ हजार फूट उंचीवरच्या दाबाइतका कमी होऊ शकतो, आणि हवाही तितकीच कोरडी असते. बोईंग ७८७ आणि एअरबस ए३५० या विमानांत हा दाब सहा हजार फुटांच्या पातळीवर ठेवला जातो, त्याचा लाभ इकॉनॉमीतल्यालाही होतो. जेट लॅगचे, म्हणजे दूरच्या देशात उतरल्यावर झोपेची वेळ बिघडण्याचे, कारण शरीराचे घड्याळ हे आहे, त्यामुळे न्यूयॉर्कच्या वेळेतला साडेनऊ-साडेदहा तासांचा फरक सपाट आसनाने पुसला जात नाही. पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका चार तासांहून लांब प्रवासात सुमारे दुप्पट होतो, तरी तो साधारण ६,००० जणांत एक इतका असतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये म्हटले होते. त्याचे मूळ एकाच जागी निश्चल राहण्यात आहे, म्हणून बिझनेस क्लासमध्येही उठून फिरावे लागतेच, आणि पूर्वी असा त्रास झालेल्यांनी डॉक्टरांना विचारावे.

वाढीव रक्कम भरण्याआधी एक स्वस्त पर्याय तपासून पाहावा, आणि आपल्या भागातल्या लोकांसाठी तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. आदल्या रात्रीच्या गाडीने मुंबईला यावे, सहार-अंधेरी परिसरात दिवसापुरती हॉटेलची खोली घ्यावी, आंघोळ करून दुपारी चार-पाच तास झोपावे आणि मग विमानतळ गाठावा. काही हजारांत मिळणारी ही झोप वर काढलेल्या २७,००० रुपये तासाच्या झोपेपेक्षा कितीतरी स्वस्त पडते आणि ती घेतल्यावर विमानातल्या जागरणाची धास्तीही ओसरते.

तरीही सपाट आसन घ्यावे अशी माणसे असतात. कंबर-पाठीचे दुखणे असलेला, उतरल्या उतरल्या प्रदर्शनात उभे राहायचे आहे असा, किंवा लेकीच्या बाळंतपणासाठी निघालेली आणि दुसऱ्या दिवसापासून रात्री जागणार असलेली आई. उतरल्यावर मुलाच्या घरी तयार अंथरूण वाट पाहत असेल तर गरज बरीच कमी होते. परतीच्या वाटेचा विचार वेगळा करावा, कारण लंडनहून सकाळी निघणारे विमान मुंबईला रात्री उतरते आणि दिवसा झोपण्यासाठी कोणी पैसे मोजत नाही.

ठरलेच, तर रकमेचे नियम वाचावेत. अनेक कंपन्या उड्डाणाच्या काही दिवस आधी बोलीचा निरोप पाठवतात, म्हणजे वरच्या श्रेणीच्या आसनासाठी किती वाढीव रक्कम द्याल असे विचारतात. ती बोली प्रत्येक प्रवाशाची आणि प्रत्येक टप्प्याची वेगळी धरली जाते, आणि मान्य झाल्यावर पैसे सहसा परत मिळत नाहीत. आपल्या भागाकारातून निघालेल्या रकमेपलीकडे बोलीचा काटा सरकवू नये. बोलीत जास्तीचे सामान आणि लाउंज मिळतेच असे गृहीत धरू नये. बोली न लावता सरळ बिझनेस क्लासचेच तिकीट घेताना करही पाहावा, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमीवर ५ टक्के आणि इतर श्रेणींवर १८ टक्के जीएसटी आहे. आई-वडील दोघे जाणार असून फक्त आईसाठी सपाट आसन हवे असेल, तर दोघांची तिकिटे एकाच पीएनआरवर काढण्याआधी कंपनीला विचारून घ्यावे, कारण एका पीएनआरवरची बोली बहुधा त्यातल्या सर्व प्रवाशांना एकदमच लागू होते.