गावाकडे स्वावलंबी राहायला जाताय? जागा पाहताना या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे फक्त पावसाळ्यात जागा बघणं. श्रावणात कोकणातला कुठलाही डोंगर हिरवा दिसतो. ओळखीतल्या एका जोडप्याने संगमेश्वर तालुक्यात ऐन श्रावणात जमीन पाहिली आणि तिथल्या तिथे विसार दिला. शेजारून वाहता पऱ्या म्हणजे ओढा, आवारात बांधीव विहीर, वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस. आणखी काय हवं? एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसला. 'बोअर मारू की' म्हणून बोअर मारली, ती कोरडी गेली. मेमध्ये गाई विकाव्या लागल्या. जांभ्यातून पाणी भराभर झिरपून निघून जातं आणि खालच्या काळ्या कातळात भेगा असतील तेवढंच साठतं. नुसत्या पावसाच्या आकड्यावरून उन्हाळ्यातलं पाणी कळत नाही.

मी मेच्या उत्तरार्धात जातो. गावच्या विहिरीत डोकावतो, पाणवठ्यावर 'ताई, टँकर कधीपासून येतो?' असं विचारतो. मग पंचायत समितीत टंचाई आराखडा, म्हणजे पाणीटंचाईच्या गावांची यादी, बघतो. गावाचं नाव वर्षानुवर्षं त्यात असेल तर भाव कितीही कमी असो, मी परत फिरतो. ड्रोनचे व्हिडिओ बघून टोकन देणाऱ्यांना एक उन्हाळा थांबणं जड जातं. मला हे कळत नाही: आयुष्य काढायचं तिथे, आणि आठ महिने थांबवत नाही?

जिल्हा बघून ठरवणं ही दुसरी चूक. 'सातारा चांगला' म्हणजे नेमकं कुठलं? महाबळेश्वरला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये साधारण 500. तालुका बघा, मग गाव, मग शिवार.

डोंगरउतारावरच्या घराबद्दल मी हट्टी आहे. माळीण 2014, तळिये 2021, इरशाळवाडी 2023. तिन्ही दरडी जुलैतल्या. घरामागचा उतार स्वतः चढून बघा. जमिनीला भेगा, कललेली झाडं किंवा वर जेसीबीने ताजा कापलेला डोंगर दिसला तर व्यवहार सोडा. नदीकाठी म्हाताऱ्या माणसांना विचारा, पुराचं पाणी कुठवर आलं होतं.

सातबारावर भोगवटादार वर्ग 2 असेल, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन असेल, तर परवानगीच्या कागदाशिवाय पैसे देऊ नका. शेतकरी असल्याचा पुरावा नसेल तर शेतजमिनीच्या मागे लागण्याआधी वकील गाठा.

पावसाळ्यातही एक फेरी हवीच, पण ती रस्त्यासाठी. जुलैच्या मुसळधार पावसात जागेपासून ग्रामीण रुग्णालयापर्यंत गाडी चालवा. वाटेतला साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, किती वेळ पाण्याखाली असतो ते गावात विचारा. सर्पदंशाचं औषध तिथे रात्री मिळतं का आणि ते देणारा डॉक्टर रात्री असतो का, हे दोन्ही प्रश्न रुग्णालयात उभं राहून विचारा. एजंटच्या 'सगळं जवळच आहे' वर ते सोडू नका.