मुंबईत वीकेंडला म्युझियम बघायला जाताय? या चुका टाळा

पुणे-नाशिककडून शनिवारी सकाळी निघायचं, रविवारी रात्री परत, आणि मधल्या दोन दिवसात मुंबईतली म्युझियम "उरकायची", असा प्लॅन दर सुट्टीत माझ्याकडे कोणीतरी घेऊन येतं. मी स्वतः गेली कित्येक वर्षं पुण्याहून याचसाठी जाते, तेव्हा जिथे लोक फसतात त्या जागा आता पाठ झाल्यात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एका दिवसात सगळं. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जहांगीर आर्ट गॅलरी आणि नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट अगदी चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, त्यामुळे मॅपवर बघून वाटतं की होऊन जाईल, वर संध्याकाळी भायखळ्याचं म्युझियमपण करू. होत नाही! एकट्या वस्तुसंग्रहालयालाच तीन तास लागतात आणि दीड तासानंतर डोळे नुसते काचांवरून घसरत जातात, पाय दुखतात, मुलं खायला मागतात. म्हणून आत शिरतानाच दोन-तीन दालनं ठरवा आणि बाकीची बिनधास्त सोडा. माझी निवड सांगते: आजच्या इराकमधून आलेली अडीच हजार वर्षांहून जुनी असिरियन शिल्पं, मग लघुचित्रं, आणि मुलं बरोबर असतील तर प्राणी-पक्ष्यांचं दालन. आणि मधल्या हॉलमधे उभं राहून एकदा मान वर करून घुमट बघाच, विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलाय तो. ही इमारत पहिल्या महायुद्धात हॉस्पिटल म्हणून वापरली होती, लोकांसाठी म्युझियम उघडलं ते 1922 मधे, हे मुलांना आधी सांगितलं तर ती भिंतींकडे पण वेगळ्या नजरेने बघतात.

लघुचित्रांच्या दालनात लोक दोन मिनिटात बाहेर येतात आणि म्हणतात, अंधार आहे, काही दिसत नाही. उजेड मुद्दाम कमी ठेवलेला असतो, कारण कागदावरचे जुने रंग उजेडाने फिके होतात, आणि फ्लॅश मारू देत नाहीत तेही त्याचसाठी. आत गेल्यावर थोडं थांबा, डोळे सरावतात. मग एकच चित्र धरा आणि काचेजवळ वाकून पाच मिनिटं बघा, दागिन्यातला मोती, झाडाचं पान न् पान, ओढणीची पारदर्शक किनार... हे लांबून कधीच दिसणार नाही.

दुसरी चूक सुट्टीच्या वाराची. शुक्रवार किंवा सोमवार जोडून लाँग वीकेंड आला की हमखास होते. नॅशनल गॅलरी सोमवारी बंद, घारापुरीची लेणी पण सोमवारी बंद, भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड म्युझियम बुधवारी बंद. सोमवारी जाऊन बंद दारासमोर उभं राहायची वेळ आलीच तर घरी फिरू नका, वस्तुसंग्रहालय सोमवारी चालू असतं. तरी निघायच्या आदल्या दिवशी त्या त्या म्युझियमच्या वेबसाइटवर एकदा बघाच, दुरुस्तीसाठी किंवा नवीन प्रदर्शन लावायला मधेच बंद ठेवतात.

सामानाचं एक वाक्यात: ट्रॉली बॅग घेऊन स्टेशनवरून थेट म्युझियमला येऊ नका, आधी हॉटेलवर टाका.

आता जहांगीर. याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं, कारण तिथे आपली माणसं दारापर्यंत येतात, आत डोकावतात आणि "आपल्याला यातलं काय कळतंय" म्हणून परत फिरतात. अहो, तिथे तिकीट नाहीये! 1952 पासून ही गॅलरी सगळ्यांसाठी उघडी आहे, आणि जिचं प्रदर्शन असतं ती चित्रकार बऱ्याचदा तिथेच खुर्चीवर बसलेली असते. तिथे जागा मिळायला कलाकार वर्षानुवर्षं वाट बघतात, गावाकडून चित्रं गुंडाळून आणतात, एक आठवडा प्रदर्शन लागतं, आणि कोणी दोन शब्द विचारले तर त्यांना आनंदच होतो. "हे काय काढलंय" असं विचारण्यापेक्षा "हे करायला किती दिवस लागले", "हा रंग कसा केला" असं विचारा, गप्पा आपोआप सुरू होतात. माझ्या आईने, जिने आयुष्यात एक रांगोळी सोडून काही काढलं नाही, तिने एका पोराशी पाऊण तास हिरव्या रंगावर चर्चा केली होती. विकत घ्यायचं नसेल तरी चालतं, आणि आवडलं नाही तर पुढच्या हॉलमधे जा, कोणी धरून ठेवत नाही.

भायखळ्याला राणीच्या बागेत जाऊन पेंग्विन बघून परत येणारे पण खूप. त्याच आवारात 1872 मधे उघडलेलं हे भाऊ दाजी लाड म्युझियम आहे, आतल्या नक्षीदार लोखंडी खांबांकडे आणि मातीच्या छोट्या मूर्तींकडे निवांत बघा, जुन्या मुंबईतले धंदे न् पोशाख कळतात. बाहेरच्या दगडी हत्तीला वळसा घालून जाऊ नका, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा नाव दिलं तो हाच. 1864 मधे इंग्लंडला न्यायच्या प्रयत्नात तो मोडला, नंतर तुकडे जोडून उभा केला.

माझं ऐकाल तर शनिवारी भायखळा आणि रविवारी फोर्ट, म्हणजे वस्तुसंग्रहालय, जहांगीर आणि नॅशनल गॅलरी, असा क्रम ठेवा. रविवारी मेगाब्लॉक असला की लोकल उशिरा धावतात, पण फोर्टातले रस्ते मोकळे मिळतात आणि तिथे एकदा पोचलात की सगळं चालत होतं. अजून एक कारण आहे. ज्या पुतळ्यामुळे जहांगीरजवळच्या भागाला काळा घोडा हे नाव पडलं तो सातव्या एडवर्डचा पुतळा 1965 मधे तिथून काढला, तो आता भायखळ्याच्या म्युझियमशेजारी उभा आहे. शनिवारी मुलांना तो दाखवा, आणि रविवारी काळा घोडा चौकात 2017 मधे बसवलेला बिनस्वाराचा घोडा दाखवून विचारा, कालच्या घोड्यावरचा माणूस कुठे गेला?