पुण्यातून अवकाशातला कचरा टिपायचाय? नवख्यांसाठी थोडं अनुभवाचं

या नादाला लागणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी विचारतो, "टेलिस्कोप कोणता घेऊ?" घेऊच नका. साधी ७×५० ची दुर्बीण, सेकंदाचा दशांश दाखवणारं स्टॉपवॉच आणि एक वही, बस्स. हा सगळा खेळ वेळेचा आहे: कक्षेतला रिकामा रॉकेट किंवा उपग्रह आकाशात कोणत्या क्षणी कुठे दिसला, ते टिपायचं.

सुरुवात मोठ्या धुडापासून करा. झेनिट रॉकेटचे रिकामे टप्पे अवकाशातल्या वस्तूंच्या यादीत 'एसएल-१६ आर/बी' (आर/बी म्हणजे रॉकेट बॉडी) नावाने सापडतात. वजन आठ-नऊ टन, उंची साधारण ८४० किलोमीटर. चिनी चाचणीत २००७ साली फुटलेल्या फेंग्युन उपग्रहाचे किंवा २००९ च्या इरिडियम-कॉसमॉस या उपग्रहांच्या टकरीतले तुकडे बघायचा हट्ट नको. दहा सेंटीमीटरचा तुकडा रडारला दिसतो, आपल्या गच्चीवरून नाही.

कक्षेचे आकडे सेलेस्ट्रॅक या वेबसाइटवर फुकट मिळतात. दोन ओळी, प्रत्येकी ६९ अक्षरांच्या. याला टीएलई म्हणतात. त्यातला काळ, म्हणजे ते आकडे कोणत्या क्षणाचे आहेत, वाचायला आधी शिका. २५०३२.५ म्हणजे २०२५ चा बत्तिसावा दिवस, निम्मा सरलेला: १ फेब्रुवारी, जागतिक वेळेने दुपारचे बारा, आपले संध्याकाळचे साडेपाच. हे साडेपाच तास भल्याभल्यांना चकवतात. शिळा टीएलई म्हणजे गेल्या वर्षीचं एसटीचं वेळापत्रक. खालच्या कक्षेत तर फारच. सूर्य खवळला की वरचं विरळ वातावरण फुगतं, वस्तू खाली ओढली जाते आणि उशिरा नव्हे, अंदाजाच्या आधी येते! खालची कक्षा छोटी, फेरी लवकर संपते.

स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टीएलई आणि पुण्याचे अक्षांश-रेखांश (१८.५२ उत्तर, ७३.८६ पूर्व) भरा. सूर्यास्तानंतर तासाभराने किंवा पहाटे बघा. आपण अंधारात आणि वस्तू उन्हात असायला हवी. तिचा मार्ग ज्या दोन जवळच्या ताऱ्यांमधून जातो ती जोडी आधीच हेरून ठेवा. हिवाळ्यात पुनर्वसूचे दोन तारे झकास. ठिपका त्यांच्यामधली रेषा ओलांडेल त्या क्षणी बटण दाबा. अर्धा सेकंद चुकलात तर वस्तू साडेतीन किलोमीटरहून जास्त पुढे गेलेली असते. तारे ओळखता येत नसतील तर टिळक स्मारक मंदिरातली ज्योतिर्विद्या परिसंस्था गाठा. १९४४ पासून पुणेकरांना आकाश दाखवतेय.

पावसाळ्यात आकाश मिळत नाही. तेव्हा पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि तिच्यातलं कक्षांचं गणित करणारं स्कायफील्ड शिकून घ्या, कारण करिअर पुढे तिथेच आहे. अवकाशातल्या कचऱ्यावर नजर ठेवणारं इस्रोचं केंद्र बेंगळुरूत आहे. एप्रिल २०२२ मध्ये चंद्रपुरात सिंदेवाहीजवळ आकाशातून धातूचं कडं पडलं, तेव्हा ते चिनी रॉकेटचं असावं हा अंदाज अशाच कक्षांच्या हिशेबातून निघाला. अर्जात 'खगोलशास्त्राची आवड' लिहिण्यापेक्षा स्वतःच्या नोंदींची फाइल जोडलेली बरी, असं माझं स्पष्ट मत.

वहीत वस्तूचा क्रमांक, टीएलईचा काळ, अंदाजाची वेळ, दिसल्याची वेळ आणि दोन्हींतला फरक लिहा. दुसऱ्या दिवशी ताजा टीएलई आला की कालच्या नोंदीचं गणित पुन्हा मांडा. फरक घटला तर चूक जुन्या आकड्यांची होती. तेवढाच राहिला तर आपलं घड्याळ तपासा, नाहीतर अंगठा.