‘द रूम यू विल स्टे’: वाक्याच्या शेवटचा ‘इन’ विसरू नका, आणि आणखी काही चुका टाळा

मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात अनेकांनी घरातल्या एकदोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या आहेत. परप्रांतातल्या पाहुण्यांना निरोप पाठवायचे ते इंग्रजीतून. शेजारच्या वहिनींचे निरोप मी आधी वाचून देते. त्यांचं इंग्रजी चांगलं आहे, तरी एक चूक हटकून येते: ‘धिस इज द रूम यू विल स्टे.’ इथे ‘यू विल स्टे इन’ हवं.

या चुकीचं मूळ आपल्या मराठीत आहे. आपण म्हणतो, ‘तुम्ही राहणार ती खोली’, ‘आम्ही किल्ल्यावर गेलो ती होडी’. राहायचं खोलीत, जायचं होडीतून. पण तो ‘त’ आणि तो ‘तून’ इथे गळून पडतात आणि कुणाचं काही अडत नाही. ‘ज्या खोलीत तुम्ही राहणार, ती’ असं लांबवून म्हटलं तरच ते दिसतात. इंग्रजीत ही सूट नाही. ‘व्हिच’ किंवा ‘दॅट’ खुशाल गाळा, पण ‘इन’ गाळू नका. शंका आली तर वाक्य सुटं करून पाहा: ‘यू विल स्टे इन द रूम.’ यात ‘इन’ लागतो, म्हणजे जोडवाक्यातही लागणार. तसंच ‘द पर्सन यू स्पोक टू ऑन द फोन’. यातला ‘टू’ फार वेळा हरवतो.

काळवेळेला मात्र इंग्रजीही आपल्यासारखीच वागते. ‘द डे यू अराइव्ह’ बरोबर आहे, पुढे ‘ऑन’ लागत नाही. ‘द रीझन आय कॉल्ड’ हेही तसंच.

‘वाक्य प्रीपोझिशनवर (म्हणजे ‘इन’, ‘टू’, ‘ऑन’ अशा शब्दावर) संपवू नये’ असं शाळेत शिकलेले पुष्कळ जण आहेत. हा आक्षेप जुना आहे. 1672 मध्ये जॉन ड्रायडन या कवीने नाटककार बेन जॉन्सनच्या ओळीत शेवटी आलेल्या प्रीपोझिशनला दोष दिला होता. पण 1926 मध्ये फाउलर यांनी आपल्या इंग्रजी वापराच्या कोशात हा नियम म्हणजे जपलेली अंधश्रद्धा आहे असं म्हटलं. रोजच्या बोलण्यात ‘द रूम यू विल स्टे इन’ हेच सहज वाटतं. ‘द रूम इन व्हिच यू विल स्टे’ हे करारनाम्यात शोभेल.

दोन्ही वाटा एकदम धरल्या की ‘द रूम इन व्हिच यू विल स्टे इन’ होतं. एकच ‘इन’ ठेवा. ‘व्हेअर’ वापरलात तर एकही नको, कारण ‘व्हेअर’च्या पोटात तो आहेच. आणि प्रीपोझिशन पुढे आणलंत तर त्याला लागून ‘दॅट’ किंवा ‘हू’ येत नाही: ‘द बोट इन व्हिच’, ‘द मॅन टू हूम’. ‘लुक आफ्टर’सारखी जोडक्रियापदं मात्र फोडू नका. ‘द गार्डन आय लुक आफ्टर’ म्हणा. ‘आफ्टर व्हिच आय लुक’ असं कुणी म्हणत नाही.

आता शिकलेल्यांनाही चकवणारी जागा. वहिनींनी एकदा लिहिलं, ‘द की इज विथ हूमेव्हर इज ॲट होम.’ ‘विथ’च्या पुढे ‘हूम’ यायला हवा, हे त्यांना पक्कं आठवत होतं. पण इथे ‘हूएव्हर’ हवं. मराठीत हेच म्हणून पाहा: ‘जो कोणी घरी असेल, त्याच्याकडे चावी आहे.’ आपल्याकडे दोन शब्द आहेत. ‘जो’ घरी असण्याचं काम करतो आणि ‘त्याच्याकडे’ चावीचं नातं सांभाळतो. इंग्रजीत ही दोन्ही कामं एकाच शब्दावर पडतात. अशा वेळी त्या शब्दाचं रूप ‘जो’वरून ठरतं, ‘त्याच्याकडे’वरून नाही. ‘विथ’ला नुसता एक शब्द जोडलेला नसतो, ‘हूएव्हर इज ॲट होम’ हे अख्खं वाक्य त्याला जोडलेलं असतं. ‘गिव्ह द की टू हूमेव्हर यू ट्रस्ट’ मध्ये ‘हूमेव्हर’ चालतं, कारण विश्वास ठेवणारे तुम्ही आहात; आतल्या वाक्याचा कर्ता ‘यू’ आहे. बोलताना इथेही लोक ‘हूएव्हर’च म्हणतात, आणि त्यात काही वावगं नाही.

काही प्रीपोझिशन्स पुढेच राहतात. ‘वी हॅव्ह फोर रूम्स, टू ऑफ देम फेस द सी’ अशी दोन वाक्यं स्वल्पविरामाने चिकटवू नका. ‘टू ऑफ व्हिच फेस द सी’ लिहा. ‘ड्यूरिंग’ही तसाच, तो शेवटी लटकवता येत नाही. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात, हे आगाऊ कळवायचं तर वहिनी आता लिहितात: ‘द मान्सून मंथ्स, ड्यूरिंग व्हिच द फोर्ट बोट्स डू नॉट रन.’