सुई रेषांच्या आडवी फिरवा: पॉलिशिंग विभागात नव्याने येणाऱ्यांसाठी

मेकॅनिकल डिप्लोमा करून मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत क्वालिटीला लागले, तेव्हा पृष्ठभागाचं टेक्स्चर म्हणजे ड्रॉइंगवरचा एक आकडा, एवढीच माझी समजूत होती. आरए (खडबडीतपणाची सरासरी, मायक्रॉनमध्ये) ०.५ लिहिलंय ना, मग रफनेस टेस्टर ठेवायचा, आकडा आत बसला की शिक्का मारायचा. आरए म्हणजे काय, कट-ऑफ (लांब लाटा गाळून टाकायची मर्यादा) ०.८ मिमी ठेवला की मोजणीची लांबी पाचपट म्हणजे ४ मिमी का होते, हे तुम्हाला शिकवलेलं असणार. त्यात वेळ घालवत नाही. मी जिथे अडकले ती जागा सांगते, कारण नवी मुलं आजही नेमकी तिथेच अडकताना दिसतात.

किनाऱ्यालगतच्या एका हॉटेलसाठी ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस पत्र्याची पॅनेल होती. हेअरलाइन फिनिश, म्हणजे पॉलिश पेपरसारख्या दाणेदार पट्ट्यावर घासून एकाच दिशेने बारीक रेषा पाडायच्या. मी मोजलं, ०.२८ आलं. रिपोर्टवर सही केली, माल गेला. पावसाळा अर्ध्यावर आला आणि तिकडून फोटो आले. पॅनेलांवर तपकिरी ओघळ, चहा सांडून वाळावा तसे. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या हवेसाठीच तर तो महाग पत्रा घेतात. आधी सगळ्यांनी पत्र्यावरच संशय घेतला.

मी साहेबांबरोबर तिथे गेले. भर पावसात उघड्यावर उभी असलेली पॅनेल स्वच्छ होती. सज्जाखालची, जिथे पाऊस पोचत नाही, ती डागाळली होती. बाहेरचं मीठ पाऊस धुऊन नेत होता, आतलं मीठ रेषांमध्ये साचून दमट हवेत ओलं राहत होतं.

आमच्याकडे पॉलिशिंगला एक काका होते, तीस वर्षं पट्ट्यावर काढलेले. परत आलेलं एक पॅनेल त्यांनी टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "नख फिरव गो. आधी रेषेबरोबर." नख सरळ घसरत गेलं. "आता आडवं." नख करकरत, अडखळत गेलं. मग त्यांनी टेस्टर उचलून नव्वद अंशात वळवला. आकडा आला ०.९५. तेच पॅनेल, तीच जागा.

हे नीट समजून घ्या, म्हणून जरा लांबवते. नांगरलेल्या शेतात तासातून चालत गेलात तर पायाखाली सपाटच लागतं. तासांना आडवे गेलात तर दर पावलाला चढ आणि उतार. टेस्टरच्या हिऱ्याच्या सुईचं टोक २ किंवा ५ मायक्रॉन त्रिज्येचं असतं. ती रेषेच्या दिशेने ओढली की एकाच खाचेच्या तळातून किंवा एकाच वरंब्यावरून सरकत जाते आणि खोली तिला कळतच नाही. मी सुई लांबीच्या दिशेने का ठेवली? पॅनेल अरुंद होतं, टेस्टर तसा स्थिर बसत होता. एवढंच कारण. ड्रॉइंगवर रेषांच्या दिशेची खूण होती, समांतर दोन रेघांची. मी ती वाचलीच नव्हती. समुद्राजवळ उघड्यावर लागणाऱ्या स्टेनलेसला आरए ०.५ च्या आत ठेवतात, पण तो आकडा रेषांना आडवा मोजलेला असतो. माझा ०.२८ खोटा नव्हता, पण खाचेतल्या मिठाबद्दल तो काहीही सांगत नव्हता.

नोकरी गेली नाही. तुमचीही जाणार नाही, जर चूक कळल्या दिवशी तोंड उघडलंत तर. लपवलीत तर मात्र कुणी वाचवणार नाही.

भिंतीवर 'अमुक ग्रिट म्हणजे अमुक आरए' असे तक्ते लावलेले असतात. ग्रिट म्हणजे पट्ट्यावरच्या दाण्याचा नंबर, नंबर मोठा तितका दाणा बारीक. माझा त्यांच्यावर राग आहे. नवा १८० चा पट्टा आणि दोन शिफ्ट चाललेला १८० चा पट्टा यांचं काम एकसारखं येत नाही. दाब बदलला की बदलतं, कूलंट बदललं की बदलतं. तक्ता पाठ करून आलेल्या मुलापेक्षा जॉब, म्हणजे हातातला नग, उजेडात तिरका धरून बघणारा मुलगा लवकर शिकतो. वरिष्ठ निवडायला मिळाला तर जॉब हातात घेणारा निवडा. जो फक्त 'आकडा किती आला' विचारतो, त्याच्याकडे आकडे भरण्यापलीकडे काही शिकायला मिळणार नाही.

आकड्याबद्दल आणखी एक. पृष्ठभागाचा आलेख उलटा करा, शिखरांच्या दऱ्या आणि दऱ्यांची शिखरं करा. आरए तोच राहतो. एक पृष्ठभाग टोचणारा, दुसरा वरून सपाट आणि मध्ये बारीक खाचा असलेला, दोन्हींचा आकडा एक. इंजिनच्या सिलिंडरला मुद्दाम दुसऱ्या प्रकारचा पृष्ठभाग देतात. होनिंगच्या, म्हणजे दगडाने आतून घासून पाडलेल्या, एकमेकींना छेदणाऱ्या खाचांत तेल टिकतं आणि वरच्या सपाट भागावर रिंग सरकते. म्हणून नुसता आरए मागितला असेल तर आरझेड (शिखरापासून दरीपर्यंतची उंची) आणि आलेखाची प्रिंटही काढून ठेवा.

आणि जास्त गुळगुळीत म्हणजे जास्त चांगलं, हे डोक्यातून काढा. प्रेसमध्ये खोल ओढायच्या पत्र्यावर रोलनेच ठरावीक खडबडीतपणा उठवलेला असतो. त्या बारीक खळग्यांत तेल राहिलं नाही तर पत्रा डायला चिकटून ओरखडतो. आरशासारख्या पत्र्यावर रंगही धरत नाही.

ती पॅनेल आम्ही ३२० च्या ताज्या पट्ट्यावर पुन्हा काढली, बसवताना रेषा उभ्या येतील अशी, म्हणजे पाणी अडून न राहता खाली उतरतं. सज्जाखालची पॅनेल ठरावीक दिवसांनी गोड्या पाण्याने पुसायला सांगितली. पट्टा स्टेनलेससाठीच राखलेला घेतला. लोखंडावर चाललेला पट्टा स्टेनलेसवर कधीही लावू नका, लोखंडाचे कण रुतून बसतात आणि गंज तिथूनच सुरू होतो. काका यावर ओरडायचे, आणि ओरडायलाच हवं.

पहिले काही महिने सगळं एकदम जमणार नाही. घाबरू नका, बोटांना सवय लागायला वेळ जातो. रोज दोन-तीन जॉब आधी नखाने तपासा, अंदाज वहीत लिहा, मग टेस्टर लावा.

माझ्या रिपोर्टात आता आकड्याशेजारी एक रकाना आहे. त्यात रेषांची दिशा आणि सुईची दिशा, असे दोन बाण काढते. तुमच्या कंपनीच्या फॉर्मात तो रकाना नसेल तर समासात पेनाने काढा.